अ‍ॅरे फील्ड म्हणजे काय? ओआरएम वापरून डेटाबेसमध्ये यादी कशी साठवायची (आणि कुठे साठवू नये)



मोबाईलवर एखादं अ‍ॅप उघडल्यावर वर छोट्या गोळ्यांसारखे फिल्टर दिसतात ना? 'शाकाहारी', 'समुद्राजवळ', 'पार्किंग आहे' वगैरे. एका हॉटेलला असे पाच-सहा टॅग असतात आणि आपण दोन टॅग निवडले की फक्त ते दोन्ही असलेली हॉटेलं समोर येतात. पण डेटाबेसच्या एका रकान्यात तर एकच किंमत बसते असं आपण कॉलेजात शिकलो. मग हे पाच-सहा टॅग कुठे ठेवतात?

याचं एक उत्तर म्हणजे अ‍ॅरे फील्ड. आज आपण ते नीट समजून घेऊ. उदाहरण माझ्याच घरचं आहे. मी मूळचा मुरुडचा, रायगड जिल्ह्यातला. नोकरी पुण्यात. माझी आत्या मासळी विकते आणि गावातल्या घरगुती निवासवाल्यांच्या ऑर्डर घेते. शनिवार-रविवारी जंजिरा बघायला मुंबई-पुण्याहून पर्यटक येतात, त्यांच्या जेवणाची ही मासळी. गेल्या पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी चालू असताना, मी घरी बसून आत्यासाठी एक छोटी वेबसाइट केली: आज कुठला मासा आहे, काय भाव आहे, एवढंच. त्यात मी अ‍ॅरे फील्ड वापरलं. एका ठिकाणी ते अगदी बरोबर होतं, दुसऱ्या ठिकाणी साफ चुकलं. दोन्ही सांगतो.

(सूचना: या लेखात कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

## आधी थोडक्यात: ओआरएम म्हणजे काय?

डेटाबेसला एसक्यूएल ही भाषा समजते. आपण कोड लिहितो पायथन, रुबी किंवा जावास्क्रिप्टमध्ये. या दोघांच्या मधला दुभाषा म्हणजे ओआरएम, अर्थात ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर. तुम्ही 'मासा' नावाचा क्लास लिहिता, ओआरएम त्याचं टेबल बनवतो. तुम्ही 'मासा.सेव्ह' म्हणता, ओआरएम त्याचं एसक्यूएल करून डेटाबेसकडे पाठवतो.

जँगो या पायथन फ्रेमवर्कचा ओआरएम, पायथनमधलाच एसक्यूएलअल्केमी, रुबी ऑन रेल्समधला अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड आणि जावास्क्रिप्टवाल्यांचा प्रिझ्मा ही यातली नेहमीची नावं. मी जँगो वापरतो, म्हणून मुख्य उदाहरण जँगोचं. बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात बघू.

## अ‍ॅरे फील्ड म्हणजे काय?

अ‍ॅरे फील्ड म्हणजे एकाच प्रकारच्या अनेक किमती एका रकान्यात ओळीने ठेवण्याची सोय. जसं:

नाव: कोळंबी
इतर_नावं: [सुंगटं, झिंगा, प्रॉन्स]

आता प्रश्न पडेल की हे नियमात बसतं का? एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हापासून 'एका खान्यात एकच किंमत' हा पहिला धडा आहे. पण व्यवहारात छोट्या याद्या सगळीकडे लागतात. पोस्टग्रेस हा प्रकल्प १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, आणि आजच्या पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये अ‍ॅरे हा रकान्याचा अधिकृत प्रकार आहे. एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकातही अ‍ॅरे आले. जँगोने २०१५ मध्ये आलेल्या १.८ या आवृत्तीपासून पोस्टग्रेसएसक्यूएलसाठी 'अ‍ॅरेफील्ड' दिलं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जँगोचं अ‍ॅरेफील्ड फक्त पोस्टग्रेसएसक्यूएलवर चालतं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांच्यात अ‍ॅरे नावाचा रकाना नाहीच. नवीन जँगो प्रोजेक्ट सुरू केला की आधी एसक्यूलाइट मिळतं. त्यावर अ‍ॅरेफील्ड घालून 'चालत का नाही' म्हणून डोकं धरून बसलेले मित्र मी पाहिलेत.

## खरी गरज कुठे पडली?

आत्याच्या साइटवर ऑर्डर देणारी माणसं कुठली कुठली असतात. मुरुडचा माणूस चिंबोरी म्हणेल, मालवणकडचा कुर्ली म्हणेल, पुण्याचा खेकडा म्हणेल. सुरमईला मालवण-गोव्याकडे इसवण म्हणतात. पापलेट तिकडे सरंगा होतं, कोळंबीची सुंगटं होतात. हिंदीवाला झिंगा शोधतो, इंग्रजीवाला प्रॉन्स.

म्हणजे मासा एक आणि नावं चार. मला फक्त एवढंच हवं होतं की कोणीही कुठलंही नाव टाकलं तरी बरोबर मासा सापडावा. ही यादी छोटी आहे, सहसा बदलत नाही, आणि यादीतल्या प्रत्येक नावाला स्वतःची वेगळी माहिती नाही. नुसता शब्द आहे. अ‍ॅरे फील्डसाठी याहून चांगली जागा नाही.

## फील्ड तयार करताना चार गोष्टी

१. आतला प्रकार सांगा. अ‍ॅरेफील्डला 'बेस फील्ड' द्यावं लागतं, म्हणजे यादीत काय असणार ते: अक्षरं, आकडे की तारखा. मी कॅरॅक्टर फील्ड दिलं. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरेही ठेवता येतो, पण फॉरेन की, वन-टू-वन आणि मेनी-टू-मेनी ही नाती ठेवता येत नाहीत. हे पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

२. डिफॉल्ट नीट द्या. डिफॉल्ट म्हणून रिकामी चौकटी यादी लिहू नका. 'लिस्ट' हे फंक्शन द्या, कंस न लावता. रिकामी यादी थेट लिहिली की तीच एक यादी सगळ्या नवीन ऑब्जेक्टमध्ये वाटली जाते. एकात नाव घातलं की दुसऱ्यातही दिसतं. 'लिस्ट' दिलं की प्रत्येकाला वेगळी कोरी यादी मिळते. जँगो याबद्दल इशारा देतो. तो वाचा, पुढे ढकलू नका.

३. नल आणि रिकामी यादी यांत गोंधळ करू नका. 'इतर नावं नाहीत' हे दाखवायला रिकामी यादी पुरते. त्यात नलही चालू ठेवलं तर 'काहीच नाही' याचे दोन अर्थ होतात आणि प्रत्येक शोधात दोन्ही तपासत बसावं लागतं. मी नल बंद ठेवलं.

४. साइजवर विसंबू नका. अ‍ॅरेफील्डला कमाल लांबी देता येते. जँगो ती फॉर्म तपासताना बघतो, पण पोस्टग्रेसएसक्यूएल स्वतः ती मर्यादा पाळत नाही. मर्यादा खरंच हवी असेल तर डेटाबेसमध्ये चेक कन्स्ट्रेंट लावा.

आणखी एक बारीक गोष्ट: जँगोच्या अ‍ॅडमिनमध्ये ही यादी एका चौकटीत स्वल्पविरामाने तोडून लिहायची असते. त्यामुळे ज्या शब्दसमूहात मुळातच स्वल्पविराम आहे, त्याचे तिथे दोन तुकडे होतात. गरज असेल तर फॉर्ममध्ये वेगळं विभाजक चिन्ह ठेवता येतं.

## शोध कसा घ्यायचा?

अ‍ॅरेची खरी मजा शोधात आहे. समजा टेबलात हे तीन मासे आहेत:

- सुरमई: [इसवण, किंगफिश]
- कोळंबी: [सुंगटं, झिंगा, प्रॉन्स]
- खेकडा: [चिंबोरी, कुर्ली, क्रॅब]

कंटेन्स: तुम्ही दिलेलं सगळं यादीत आहे का? 'इतर_नावं कंटेन्स [झिंगा]' म्हटलं की कोळंबी मिळते. '[झिंगा, प्रॉन्स]' दिलं तरी कोळंबीच. '[झिंगा, कुर्ली]' दिलं तर काहीच नाही, कारण दोन्ही नावं एकाच माशाची नाहीत. हॉटेलच्या अ‍ॅपमधला 'हे सगळे टॅग हवेत' हा फिल्टर म्हणजे हाच.

ओव्हरलॅप: दिलेल्यांपैकी निदान एक तरी आहे का? '[झिंगा, कुर्ली]' दिलं की कोळंबी आणि खेकडा दोन्ही येतात. 'यांपैकी काहीही चालेल' हा फिल्टर.

कंटेन्ड-बाय: उलटा प्रश्न. यादीतलं सगळं, तुम्ही दिलेल्या यादीत आहे का? समजा कोणाकडे मोजकीच भांडी आहेत आणि ज्या पाककृतीला तेवढीच भांडी लागतात त्या शोधायच्या आहेत, तर हा प्रश्न उपयोगी.

लेन: यादीत किती गोष्टी आहेत. ज्या माशांना एकही दुसरं नाव दिलेलं नाही ते शोधायला मी 'लेन शून्य' वापरलं.

इंडेक्स: ठरावीक जागेवर काय आहे. जँगोमध्ये मोजणी शून्यापासून, पायथनसारखी. पण थेट एसक्यूएल लिहिलंत तर पोस्टग्रेसएसक्यूएल एकापासून मोजतो. ओआरएममधून कच्च्या एसक्यूएलकडे जाताना हा एकाचा फरक हमखास चावतो.

दोन सापळे इथेच सांगून ठेवतो.

पहिला: रिकामी यादी देऊन 'कंटेन्स' विचारलं तर सगळ्या ओळी येतात, कारण रिकामी यादी प्रत्येक यादीत मावतेच. 'ओव्हरलॅप'ला रिकामी यादी दिली तर एकही ओळ येत नाही. वापरकर्त्याने एकही टॅग निवडला नसेल तर काय दाखवायचं हे कोडमध्ये स्वतः ठरवा.

दुसरा: साध्या अक्षरांच्या फील्डवर 'कंटेन्स' म्हणजे शब्दाचा तुकडा शोधणं. अ‍ॅरेवर तसं नाही. इथे पूर्ण घटक जुळायला हवा. 'झिं' टाकून 'झिंगा' मिळणार नाही. टाइप करता करता सुचवण्या दाखवायच्या असतील तर अ‍ॅरे उलगडून प्रत्येक घटकाची वेगळी ओळ करावी लागते (पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये 'अननेस्ट' हे फंक्शन आहे), नाहीतर नावांसाठी वेगळं टेबल बरं. आणि मराठीत 'जवळपासचं नाव' दाखवण्याआधी दोनदा विचार करा. कुर्ली म्हणजे खेकडा आणि कर्ली म्हणजे काटेरी मासा. एका उकाराचा फरक, पण ताटात फार मोठा!

## इंडेक्स: बी-ट्री नको, जिन हवा

टेबल मोठं झालं की शोध हळू होतो, मग आपण इंडेक्स लावतो. फील्डवर नेहमीचा डीबी-इंडेक्स लावला की बी-ट्री तयार होतो. तो पूर्ण अ‍ॅरेची दुसऱ्या पूर्ण अ‍ॅरेशी तुलना करायला ठीक, पण 'कंटेन्स' आणि 'ओव्हरलॅप'साठी कामाचा नाही. त्यासाठी जिन नावाचा इंडेक्स लागतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, प्रत्येक शब्दापुढे पानं लिहिलेली? जिन तसाच: प्रत्येक घटकापुढे तो कुठल्या कुठल्या ओळींत आहे त्याची नोंद. जँगोमध्ये मॉडेलच्या मेटामध्ये 'जिनइंडेक्स' लिहिलं की झालं.

एक मात्र आहे. थेट एसक्यूएलमध्ये 'हा शब्द अ‍ॅरेतल्या कुठल्याही घटकाइतका आहे का' असं 'एनी' वापरून लिहिलं तर जिन वापरला जात नाही. जँगोचा 'कंटेन्स' योग्य तो ऑपरेटर वापरतो, म्हणून ओआरएमच्याच पद्धतीने विचारलेलं बरं. आणि शंभर-दोनशे ओळींच्या टेबलाला यातलं काहीच नको. आत्याच्या साइटला आजही जिन इंडेक्स नाही.

## मराठीची खास अडचण: दिसायला सारखं, आतून वेगळं

ऑगस्टमध्ये बंदी उठली आणि साइट चालू झाली. पहिल्याच आठवड्यात आत्याचा फोन.

"अरे, तुझ्या त्या साइटवर तिसऱ्या नाहीत म्हणून दाखवतंय. मग माझ्या टोपलीत काय दगड आहेत?"

एका निवासवाल्याने 'तिसऱ्या' शोधलं होतं, साइटने 'सापडलं नाही' म्हटलं, आणि त्याने दुसरीकडे ऑर्डर दिली. आत्याची टोपली संध्याकाळपर्यंत तशीच. मासळी काही उद्यासाठी थांबत नाही.

मी डेटाबेस उघडला. 'तिसऱ्या' हे नाव डोळ्यासमोर दिसत होतं. शोधात टाकलेला शब्दही तोच. तरी जुळेना. तासभर मी इंडेक्सला, जँगोला, स्वतःला दोष दिला. मग दोन्ही शब्दांची लांबी मोजली. एकात एक अक्षरचिन्ह जास्त!

गोष्ट अशी आहे. 'ऱ्या'मधला तो अर्धा र, जो आडव्या रेघेसारखा दिसतो, तो युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो:

- पद्धत एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. तिसऱ्या.
- पद्धत दोन: साधा र, हलन्त, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं अदृश्य चिन्ह, मग य. तिसर्‍या.
- पद्धत तीन: साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य.

बहुतेक फोनवर तिन्ही सारखेच दिसतात. पण डेटाबेस डोळ्यांनी वाचत नाही, तो आकडे जुळवतो. मी लॅपटॉपवरून एका पद्धतीने नाव भरलं होतं, समोरच्याच्या फोनच्या कीबोर्डने दुसऱ्या पद्धतीने लिहिलं. अ‍ॅरेचा 'कंटेन्स' पूर्ण घटक तंतोतंत जुळवतो, म्हणून उत्तर शून्य. चिंबोऱ्या या शब्दाचीही हीच गत.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे.

१. युनिकोड नॉर्मलायझेशन: पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमध्ये 'नॉर्मलाइझ' आहे. त्याला 'एनएफसी' हा प्रकार दिला की पद्धत तीनची पद्धत एक होते. पोस्टग्रेसएसक्यूएलमध्येही १३ व्या आवृत्तीपासून (२०२०) असं फंक्शन आहे.

२. जॉइनरची अदलाबदल: एनएफसी पद्धत दोनला हात लावत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरं आहेत. म्हणून 'र, हलन्त, जॉइनर' ही तिकडी दिसली की तिथे 'ऱ, हलन्त' घालायचं, हे आपण स्वतः लिहायचं. सोबत पुढच्या-मागच्या मोकळ्या जागाही काढून टाका.

ही साफसफाई दोन्हीकडे करायची: नाव साठवताना आणि शोधाचा शब्द आल्यावर. एकाच बाजूला केली तर उपयोग नाही. मी त्यासाठी एक छोटं फंक्शन केलं आणि दोन्ही ठिकाणी तेच बोलावलं. मराठी नावं, गावं, आडनावं साठवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये हे फंक्शन पहिल्या दिवसापासून असावं असं माझं मत आहे.

## यादीत भर घालताना: हरवलेली नोंद

नवीन नाव यादीत घालायची सोपी वाटणारी पद्धत अशी: ऑब्जेक्ट आणा, यादीत अपेंड करा, सेव्ह करा. एकटे असाल तर चालतं. पण समजा मी आणि माझी आत्येबहीण एकाच वेळी कोळंबीची यादी उघडून बसलो. दोघांकडे [सुंगटं, झिंगा] आली. मी 'प्रॉन्स' जोडून सेव्ह केलं. दोन सेकंदांनी तिने 'श्रिंप' जोडून सेव्ह केलं. तिच्या यादीत माझं 'प्रॉन्स' नव्हतंच, त्यामुळे ते पुसलं गेलं. कुठलीही एरर नाही, काही नाही. मुरुडला नेटवर्क मध्येच जातं-येतं, त्यामुळे उघडणं आणि सेव्ह करणं यांत कधीकधी मिनिटं जातात. म्हणजे धोका आणखी वाढला.

यावर दोन मार्ग:

- काम डेटाबेसलाच सांगा. पूर्ण यादी परत पाठवण्याऐवजी 'आहे त्या यादीत हे एक जोड' असा हुकूम द्या. पोस्टग्रेसएसक्यूएलचं 'अ‍ॅरे-अपेंड' फंक्शन जँगोच्या 'अपडेट'मध्ये 'फंक' आणि 'एफ' वापरून बोलावता येतं. काढायला 'अ‍ॅरे-रिमूव्ह' आहे.
- ओळीला कुलूप लावा. ट्रान्झॅक्शनच्या आत 'सिलेक्ट-फॉर-अपडेट'ने ओळ आणा. तुमचं होईपर्यंत दुसरा थांबेल.

पहिल्या मार्गात दोन गोष्टी सांभाळा. अ‍ॅरे म्हणजे संच नव्हे, त्यामुळे तेच नाव दोनदा जोडलं तर दोनदा राहतं. 'ज्या ओळीत हे नाव आधीच नाही' अशी अट अपडेटच्या आधी लावा. दुसरं, 'अपडेट' मॉडेलच्या 'सेव्ह'मधून जात नाही. ऱ्य-ची साफसफाई तुम्ही सेव्हमध्ये लिहिली असेल तर ती इथे होणारच नाही. नाव आधी साफ करा, मग जोडा.

## अ‍ॅरे कुठे वापरू नये: माझी मोठी चूक

आता ती चूक. इतर नावांचं काम छान झालं म्हणून मला अ‍ॅरे फारच आवडला. मी 'आजचा माल' पण अ‍ॅरेतच ठेवला. विक्रेत्याच्या ओळीत दोन याद्या (आकडे फक्त उदाहरणासाठी):

मासे: [पापलेट, सुरमई, कोळंबी]
भाव: [१२००, ९००, ५००]

पहिल्या माशाचा पहिला भाव, दुसऱ्याचा दुसरा. सकाळी सुरमई संपली. आत्येबहिणीने फोनवरून 'सुरमई' काढली. माझ्या कोडने माशांच्या यादीतून ती काढली, भावाच्या यादीतून काढायला विसरलं. मग झालं असं:

मासे: [पापलेट, कोळंबी]
भाव: [१२००, ९००, ५००]

कोळंबीचा भाव दिसायला लागला ९००. नेहमीचं गिऱ्हाईक आत्याच्या दारात येऊन म्हणालं, "काय मावशी, आम्हालाच दुप्पट लावता काय?" आत्याने इतक्या वर्षांत भावावरून कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी ऐकावं लागलं, आणि चूक माझी होती. मी फोनवर समजावायला लागलो तर म्हणाली, "वहीत असं कधी झालं नाही बघ."

तिचं बरोबर होतं. वहीत ती एका ओळीत एक मासा, त्याच्यापुढे वजन, त्याच्यापुढे भाव असं लिहिते. ओळ खोडली की सगळं सोबत जातं. म्हणजे वेगळं टेबल! पोस्टग्रेसएसक्यूएलच्या कागदपत्रांतही हाच सल्ला आहे: अ‍ॅरेतले ठरावीक घटक वारंवार शोधावे लागत असतील तर रचना चुकलेली असू शकते, वेगळ्या टेबलाचा विचार करा.

मी त्याच रात्री 'आजचा माल' नावाचं टेबल केलं: मासा (फॉरेन की), विक्रेता (फॉरेन की), तारीख, वजन, भाव. अ‍ॅरेमध्ये फॉरेन की का बसत नाही हेही तेव्हा नीट कळलं. अ‍ॅरेत नुसते क्रमांक ठेवले तर मूळ मासा डिलीट झाल्यावरही क्रमांक तिथेच राहतो आणि डेटाबेस काही बोलत नाही. फॉरेन की असेल तर तो अडवतो.

ठरवायला सोपे प्रश्न:

- यादीतल्या प्रत्येक गोष्टीला स्वतःची माहिती आहे का (भाव, वजन, तारीख)? असेल तर वेगळं टेबल.
- ती गोष्ट दुसऱ्या टेबलातली ओळ आहे का? असेल तर फॉरेन की किंवा मेनी-टू-मेनी.
- यादी वाढतच जाणार का, किंवा अनेक जण एकाच वेळी बदलणार का? असेल तर वेगळं टेबल.
- एकच शब्द दोन ओळींच्या याद्यांत येऊ नये अशी सक्ती हवी का? अ‍ॅरेच्या घटकांवर साधा युनिक नियम लागत नाही, म्हणून वेगळं टेबल.
- छोटी, शांत, नुसत्या शब्दांची किंवा आकड्यांची यादी आहे, आणि ती नेहमी मूळ ओळीसोबतच वाचायची आहे? मग अ‍ॅरे उत्तम.

आणि हो, इतर नावांची यादीही कायम अ‍ॅरेतच राहील असं नाही. उद्या कोणी विचारलं की 'इसवण हे नाव नेमकं कुठे म्हणतात?' तर नावासोबत प्रदेश लागेल. त्या दिवशी नावांचंही टेबल करायचं.

## दुसऱ्या ओआरएममध्ये काय?

रेल्स: चौथ्या आवृत्तीपासून मायग्रेशनमध्ये रकान्यापुढे 'अ‍ॅरे: ट्रू' लिहायचं. हेही पोस्टग्रेसएसक्यूएलवरच.

एसक्यूएलअल्केमी: 'अ‍ॅरे' हा प्रकार आहे. पण यादीत जागेवरच अपेंड केलं तर त्याला बदल झाल्याचं कळत नाही आणि कमिट केलं तरी नोंद जात नाही. एकतर नवीन यादी नेमा, किंवा 'म्युटेबल-लिस्ट' वापरा.

प्रिझ्मा: प्रकारापुढे चौकटी कंस लावले की स्केलर लिस्ट तयार. शोधायला 'हॅज', 'हॅज-एव्हरी' आणि 'हॅज-सम'. शेवटचे दोन म्हणजे आपले कंटेन्स आणि ओव्हरलॅप.

अ‍ॅन्ड्रॉइडचं रूम: तुमच्या फोनमधला डेटाबेस बहुतेक वेळा एसक्यूलाइट असतो आणि रूम त्यावर चालतं. तिथे यादी थेट बसत नाही, टाइप-कन्व्हर्टर लिहून तिचं बहुधा जेसन करतात. साठवायला ठीक, पण आत शोधायला अवघड.

## नेहमीचे प्रश्न

अ‍ॅरेऐवजी जेसन फील्ड का नाही?
घटक वेगवेगळ्या प्रकारचे असतील किंवा आत आणखी रचना असेल तर जेसन. सगळे घटक एकाच प्रकारचे असतील तर अ‍ॅरे, कारण आत काय येऊ शकतं ते डेटाबेस तपासतो. मायएसक्यूएल वापरत असाल तर जेसन हाच जवळचा पर्याय, तो तिथे ५.७ पासून आहे.

स्वल्पविरामाने जोडलेली एक लांब ओळ साठवली तर?
नको. 'कर्ली' शोधताना तुकडे कसे जुळतील याचा नेम नाही आणि एक नाव काढायला सगळी ओळ पुन्हा लिहावी लागते.

आधी अ‍ॅरे ठेवून नंतर वेगळ्या टेबलात नेता येतं का?
हो. आधी नवीन टेबल करा, मग डेटा मायग्रेशनमध्ये प्रत्येक घटकाची एक ओळ बनवा, दोन्हीकडची मोजणी जुळते का बघा, आणि सगळ्यात शेवटी जुना रकाना काढा. बॅकअप घेतल्याशिवाय सुरुवात करू नका.

## शेवटी

साइट आता नीट चालते. तिसऱ्या कुठल्याही कीबोर्डने लिहा, सापडतात. इसवण टाकलं की सुरमई येते. भाव माशाला सोडून जात नाही. पण आत्याची वही अजून शेजारी असतेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे वीज आणि नेटवर्क कित्येक दिवस नव्हतं, ते ती विसरलेली नाही. मीही आता नवीन टेबल काढायच्या आधी तिला विचारतो, "आत्या, हे तू वहीत कसं लिहिलं असतंस?" ती एका ओळीत लिहिणार असेल तर अ‍ॅरे. खाली वेगळ्या ओळी आखणार असेल तर वेगळं टेबल. आतापर्यंत तरी हा नियम चुकलेला नाही.